न नेलेल्या कपड्यांचा दिवस

नात मोबाइलवर चित्रांचा सिनेमा बघून रडत होती, तेही धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून. मी आधी तिच्याखालच्या चादरी ओढून घेतल्या आणि मग विचारलं, काय झालं म्हणून.

"आजी, तो गेला गं."

"कोण?"

"जंगलाचा राजा. त्याचं सगळं अंग पानं पानं होऊन उडून गेलं. आणि ती अजून जिनाच चढत होती. वेळेवर पोचलीच नाही."

मी चष्मा लावून बघितलं. बशीएवढे डोळे आणि नाक म्हणजे नुसता ठिपका. वारा सुटलाय, केस उडताहेत, गाणं चाललंय. पोरगी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी आणि ओंजळीत एकच पान.

"एवढाले डोळे असून हिला दिसलं नाही होय, हा चाललाय ते? सिनेमाभर काय करत होती?"

"वेळ जपत होती. त्याचे थोडेच दिवस उरले होते ना, मग ते संपू नयेत म्हणून ती त्याला भेटायलाच जात नव्हती."

मी गप्प बसले. मी गप्प बसले की आमच्या घरात लोक माझ्या कपाळाला हात लावून बघतात. नातीनंही लावला.

"ताप नाही," मी म्हणाले. "ऊठ, नाक पूस. चादरीला लावू नकोस, गिऱ्हाइकाची आहे."

आणि आत जाऊन सुनेला सांगितलं, "उद्या न नेलेल्या कपड्यांचा दिवस आहे, तो पांढरा शर्ट आजच काढून ठेव. कागदातला. मी स्वतः इस्त्री करणार आहे."

सून वळून बघत राहिली. सात वर्षांत त्या शर्टाला मी इस्त्री लावली नव्हती.

आता हा शर्ट काय ते सांगते. मी चौथी शिकलेली बाई, मला फिरवून फिरवून सांगता येत नाही.

आमची लाँड्री आहे. सासऱ्यांनी काढली. सासरे कडक माणूस आणि त्यांचा एक नेम होता. गिऱ्हाइकानं टाकलेला कपडा गिऱ्हाईक न्यायला आलं नाही, तर तो विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, फेकायचा तर मुळीच नाही. वर्षातून एक दिवस दुकान बंद ठेवायचं आणि असे सगळे न नेलेले कपडे फळीवरून काढून पुन्हा धुवायचे, इस्त्री करायचे, नव्या कागदात बांधून ठेवायचे. मालक उद्या दारात उभा राहिला तर त्याचा कपडा तयार पाहिजे. गल्लीतले लोक हसायचे. हसेनात का, त्यांच्या कॉलरी आम्हीच पांढऱ्या ठेवत होतो.

मी सत्तावीस वर्षांची असताना आमचे हे गेले. दोन मुलं, एक सासरा, चार इस्त्र्या आणि शंभर गिऱ्हाइकं माझ्या गळ्यात टाकून गेले. त्याच वर्षी सासऱ्यांचे हात थरथरायला लागले आणि न नेलेल्या कपड्यांचा दिवस पहिल्यांदा माझ्यावर आला. तीन चादरी, एक कोट, कुणा वेटरचं जाकीट आणि तो शर्ट. आदल्या वर्षी कुणीतरी टाकून गेलेला. पांढरा, जाड सुताचा, चांगला शिवलेला.

मी कॉलरवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री टेकवली. वाफ वर आली आणि वाफेत एक हनुवटी दिसली. मग तोंड. मग दोन डोळे, माझ्याकडे बघणारे.

मी ओरडले नाही. मी इस्त्री उचलून त्याच्या नाकासमोर धरली.

"कोण रे तू? चालता हो."

"बाई, शर्ट झाला का? जरा घाई आहे."

"दुकान बंद आहे आज."

"मग तुम्ही काय करताय?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर कॉलर वाळली आणि तो विरून गेला. खालचं टेबल तेवढं दिसत होतं. मी दाराला कडी घातली, खुर्चीत बसले, आणि थोड्या वेळानं पुन्हा कॉलर ओली केली. भीती वाटली नाही असं नाही. पण शेवटचं वाक्य त्याचं राहिलं होतं, ते मला चालण्यासारखं नव्हतं.

असं सुरू झालं. जो भाग ओला करून तापवावा, तेवढा माणूस दिसायचा. कॉलर केली की तोंड, खांदे केले की खांदे. वाफ असेपर्यंत असायचा, कापड वाळलं की नाही. दुसऱ्या दिवशी मी हळूच पुन्हा करून पाहिलं, तर नुसती वाफ. त्या एकाच दिवशी यायचा. वर्षातून एकदा.

तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा होता. आमच्या पाटीकडे त्याचं पहिलं लक्ष. "तुमच्या पाटीतला 'ड्री' कलंडलाय बाई. वर्षानुवर्षं पडायच्या बेतात उभा असल्यासारखा दिसतो."

"उभा आहे ना? मग झालं. तुम्ही बसा तुमच्या शर्टात."

त्याला म्हणे दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा मोठ्या नाटकघराची पाटी रंगवायचं काम ठरवायला जायचं होतं, म्हणून शर्ट हवा होता. तिसऱ्या वर्षी मी रंगाच्या दुकानात चौकशी केली. नाटकघराच्या पाटीचं नाव काढताच दुकानदार म्हणाला, "तो होय? परांचीवरून पडून गेला बिचारा. काम ठरलं त्याच दुपारी मापं घ्यायला चढला होता. अंगावर जुना, रंगाचा सदरा. शर्ट लाँड्रीतून आणायचा राहिला म्हणत होता."

मी घरी आले आणि कुणालाही सांगितलं नाही. त्यालाही नाही. सांगितलं असतं तर शर्ट मागायला तो कशाला आला असता? हा माझा स्वार्थ आहे, मी त्याला दुसरं नाव देत नाही.

माझी ख्याती सांगते. माझ्याएवढी भरभर इस्त्री करणारी बाई आमच्या भागात नव्हती. शर्ट पाच मिनिटांत, तोही असा की घडीवर बोट फिरवलं तर कापेल. पण तो एक शर्ट करायला मला अर्धा तास लागायला लागला. कॉलर करायची, वाळत आली की पुन्हा शिंपडायचं. पुन्हा शिंपडायचं. इस्त्री हलकी धरायची, म्हणजे वाफ जास्त आणि ताप कमी. सासरे पलीकडच्या खोलीतून विचारायचे, "काय गं, कोट करतेस की तंबू?"

"डाग आहे," मी म्हणायची.

वर्षभर मी त्या अर्ध्या तासासाठी बोलणी साठवून ठेवायची. मुलाचा पहिला दात पडला, मुलीनं शाळेत बाईंना उलट उत्तर दिलं, नवी विजेची इस्त्री आली, सासरे गेले. तो ऐकायचा. हसायचा. कधी चिडवायचा. एकदा म्हणाला, "तुम्ही फार बोलता बाई. मला वाटलं होतं आत्ताच तर सगळं सांगून झालं."

"आत्ताच? एक वर्ष झालं."

"तुमचं. माझं म्हणाल तर तुम्ही मान वळवलीत आणि पुन्हा इकडे बघितलंत."

तेव्हा मला कळलं. मी दार लावून गेले की त्याच्यासाठी मधलं काहीच नसतं. पापणी लवते आणि मी पुन्हा समोर, एका वर्षानं म्हातारी झालेली. वाट बघणं सगळं माझ्या वाट्याला. मला इतका राग आला की मी त्या वर्षी कॉलर एकदाच ओली केली आणि शर्ट गुंडाळून ठेवला. त्याचं काय बिघडलं? पापणी लवली. माझं मात्र सबंध वर्ष जळलं.

चाळिशीच्या पुढे मी त्याला अरे-तुरे करायला लागले. तो अठ्ठावीसचा, मी बेचाळीसची, अहो-जाहो करायला जीभ वळेना. तो म्हणाला, "मघाशी अहो होतो मी."

"मघाशी माझे केसही काळे होते."

त्यानं नीट बघितलं. त्याचं ते बघणं वेगळं असायचं. पाटीवर अक्षर आखायच्या आधी भिंत बघावी तसं. "हे इथले पांढरे मागच्या वेळी नव्हते," तो म्हणाला, "आणि कपाळावरची ही रेघ नवी आहे. झोपत नाही का तुम्ही?" माझ्या घरात दोन मुलं, दुकानात शंभर गिऱ्हाइकं. एकानं कधी ती रेघ बघितली नव्हती.

असा सदतीस वेळा भेटला. माझ्या आयुष्यातली सदतीस वर्षं. त्याच्या बाजूनं सगळं एकापुढे एक जोडलं तर आमच्या ओळखीला अजून एक दिवसही भरला नव्हता.

पण कापड काही पापणी लवून वाचत नाही. दर वर्षी धुणं, शिंपडणं, तापवणं. कुठला कपडा किती इस्त्र्या सोसेल ते मी बोटांनी सांगते, माझं कधी चुकत नाही. सदतिसाव्या वर्षी कॉलरच्या घडीवर बोट फिरवलं आणि कळलं. सूत पीठ झालं होतं. खांद्यावर तर हाताचा रंग पलीकडून दिसत होता. एक इस्त्री. फार तर एक. इतर कुठल्याही शर्टाची कॉलर अशी विरत नाही, पण इतर कुठल्या शर्टाची कॉलर कुणी अर्धा अर्धा तास ओली करत बसतं?

मी त्याला सांगितलं, "आता मी बरीच वर्षं इस्त्री लावणार नाही. कापड गेलंय. एकदाच पुरेल."

"बरीच वर्षं म्हणजे मला पापणी लवायचा वेळ," तो म्हणाला. "तुमचं काय?"

मी उत्तर दिलं नाही. मला येत नव्हतं म्हणून नाही. मला रडू येत होतं, आणि गिऱ्हाइकासमोर मी रडत नाही. कॉलर वाळू दिली.

त्यानंतर सात वर्षं गेली. त्या दिवशी बाकीचे कपडे सून करायची. तो शर्ट मी नुसता सावलीत वाऱ्याला धरायची, कागद बदलायची, परत ठेवायची. दर वर्षी वाटायचं, आज लावू. मग वाटायचं, आज लावली तर उद्या काय उरलं? शेवटची आहे तोवर आहे तरी. आणि दिवसभर, भांडी घासताना, पोरांना झापताना, डोक्यात एकच प्रश्न टक टक करत राहायचा. तुमचं काय? सात वर्षं मी त्याचं उत्तर तयार केलं. रोज वेगळं. कधी लांबलचक, कधी शिवी. मला ते त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. तो कसा बघतो ते बघत सांगायचं होतं. बस्स, एवढंच.

तर नातीचा तो सिनेमा झाला आणि मी ठरवलं, उद्या. सत्तर वर्षांची आहे मी. उजवा हात कधी कधी इस्त्री धरता धरता सैल पडतो.

सकाळी दुकानात आले तर सून माझ्या आधी येऊन टेबल पुसून उभी. इस्त्री तापत ठेवलेली. शर्ट टेबलावर पसरलेला, छान, सरळ.

फार सरळ.

मी हात लावला. कॉलर ताठ होती. खांदा ताठ. मी शर्ट उलटा केला. आतून सगळीकडे अस्तर चिकटवलेलं. कॉलरीत घालतात ना ते, गरम इस्त्रीनं कापडाला कायमचं चिकटतं ते. कॉलर, खांदे, पाठ, बाह्या. कडा इतक्या बेतानं कापलेल्या की उलटं केल्याशिवाय कळणार नाही.

"काल संध्याकाळी केलं," सून म्हणाली. ती खूश होती आणि ते दाखवत नव्हती. "कागद उघडला तर कॉलर हातातच यायला लागली. तुम्ही इस्त्री टेकवली असती तर फाटला असता, आई. सात वर्षं तुम्ही एवढा जपलाय. आता शंभर वेळा करा, काही होणार नाही."

ती सोळा वर्षांपूर्वी या घरात आली तेव्हा मीच तिला ह्याच टेबलापाशी उभी करून शिकवलं होतं. विरलेला कपडा हातात आला की आधी आतून धर, मग इस्त्री लाव. आपल्या इस्त्रीखाली कपडा फाटला तर तोंड दाखवायला जागा नाही. दुसऱ्या कुठल्या घरातली सून असती तर तिनं शर्ट तसाच आणून ठेवला असता. माझ्या सुनेनं माझं ऐकलं होतं.

मी कॉलरवर पाणी शिंपडलं. पाणी वर थेंबाथेंबानं उभं राहिलं. इस्त्री टेकवली. चर्र झालं, थोडी वाफ बाजूनं पळाली, आणि काही नाही. त्या अस्तरातून आरपार काही जात नाही. पुन्हा शिंपडलं. खांदा केला. पाठ केली. काही नाही. काढावं म्हटलं तर अस्तराबरोबर कापडही सोलून येईल, ते मला न बघता ठाऊक होतं.

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. सुनेलाही माहीत आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

"आई, चुकलं का माझं?"

मी अस्तराची कड बघितली. खांद्याच्या वळणाला तिनं ते बारीक बारीक चिरा देऊन बसवलं होतं, म्हणजे सुरकुती पडणार नाही. ते मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनं शोधलेलं.

"काम चांगलं आहे," मी म्हणाले. "जा, चहा ठेव."

"पण तुम्ही..."

"चहा ठेव म्हटलं ना? का त्यालाही अस्तर लावायचंय?"

ती गेली. जिन्यावरच्या त्या बशीडोळ्या पोरीच्या ओंजळीत पान तरी होतं. माझ्यासमोर शंभर वर्षं टिकेल असा शर्ट होता आणि त्यात कुणी नव्हतं.

हातातलं काम अर्धं सोडायची मला सवय नाही. शर्ट घेतला की पुरा करायचा. कॉलर, खांदे, पाठ झाली होती. बाह्यांवरून हात फिरवत खाली आले आणि बोटं थांबली. कफ मऊ होते. कफाला सुनेनं अस्तर लावलंच नव्हतं. कफ दुहेरी असतात, आणि हे तर नवे असल्यासारखे घट्ट होते. असणारच. सदतीस वर्षं मी सगळा वेळ कॉलरपाशी घालवला. तोंड बघायचं होतं मला, भांडायचं होतं. कफापर्यंत येईस्तोवर वेळ संपलेला असायचा, मी ते उरकून टाकायची, कधी नुसतेच हातानं सारखे करायची.

मी उजव्या कफावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री अशी हलकी ठेवली की जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालतेय.

वाफ आली. वाफेत मनगट दिसलं. मग पंजा. लांब बोटं, अंगठ्याच्या नखाच्या कडेला निळा रंग बसलेला. आवाज नाही, तोंड नाही. नुसता हात. अंधारात चाचपडावं तसा तो हवेत चाचपडत होता. उजवीकडे, डावीकडे, मग माझ्या बाजूला. त्याला मी दिसत नव्हते. त्याच्यासाठी आत्ताच, एका पापणीपूर्वी, मी त्याच्यासमोर उत्तर न देता उभी होते.

एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना हात लावला नव्हता. तोंड समोर असलं की माणूस तोंडाशीच बोलत बसतो.

मी इस्त्री बाजूला उभी केली आणि माझा हात वाफेत घातला.

भाजलं. वाफच ती, भाजणारच. पण त्या भाजण्याच्या आत त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि थांबली. मग हळूच फिरायला लागली. सुजलेल्या पेरांवरून, वाकड्या झालेल्या करंगळीवरून, मनगटावरच्या सैल कातडीवरून. परत पेरांवर. भिंत बघायचा ना तो आधी, तसंच. मी सात वर्षं तयार केलेलं एकही वाक्य बोलले नाही. तो वाचत होता. अंगठा माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला येऊन थबकला आणि त्याच्या हाताला सगळं कळल्यासारखं त्यानं माझा हात घट्ट धरला.

कफ वाळला. हात गेला. माझा हात तिथंच, हवेत, कुणीतरी धरल्यासारखा.

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिनं किती बघितलं मला ठाऊक नाही.

"आई, हात लाल झालाय तुमचा! थांबा, मलम आणते."

"मलम राहू दे."

"अहो, फोड येईल."

"येऊ दे. चहा तिकडे ठेव आणि जाताना दार ओढून घे."

ती जरा घुटमळली. माझ्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं. मग काही न विचारता दार ओढून गेली. शहाणी आहे, मी तिला कधी सांगत नाही.

डावा कफ अजून कोरडा होता. जपून ठेवावा असं क्षणभर मनात आलं. पुढच्या वर्षासाठी. ती माझी जुनी खोड.

मी भांड्यात बोटं बुडवली आणि तो ओला केला.